कूर्मप्पाची चोच

आमच्या मल्लेश्वरमच्या घरात दुपारी कुणाला कितीही भूक लागलेली असो, कूर्मप्पा जेवल्याशिवाय पानं मांडत नसत. कूर्मप्पा म्हणजे आमचं कासव. हे बाहेर कुणाला सांगितलं की लोक हसायचे, आणि मला त्यांचा राग यायचा, कारण उपाशी मी असायचे, ते नव्हे. शाळेतून दमून आलेली पोर पाटावर बसलीय, सारातल्या हिंग-कढीलिंबाचा वास नाकात शिरतोय, आणि घरातली सगळ्यात मोठी बाई मागच्या दारी वाटी घेऊन एका कासवाची मनधरणी करतेय, "ये रे माझ्या राजा, स्वल्प तरी खा की." हे ज्यांनी भोगलं नाही त्यांनी हसू नये, असं माझं आजही मत आहे.

ही बाई म्हणजे अक्का, माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अक्काने लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सकाळची पाळी करून दुपारी घरी यायची, आणि दिवसभर दिल्ली-कलकत्त्याशी बोलून तिचा आवाज असा कमावलेला होता की तिने स्वयंपाकघरातून "शालू" म्हणून हाक मारली तर मी कुठेही असले तरी उठून उभी राहत असे. अण्णा दातांचे डॉक्टर. पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता, एक खुर्ची, एक दिवा आणि दात कोरायचं एक जुनं यंत्र, शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं. विजेवर चालणारं नवं यंत्रही त्यांनी घेतलं होतं, पण वीज आमच्या भागात पाहुण्यासारखी यायची, म्हणून जुनं कधी माळ्यावर गेलं नाही. तेव्हा आमच्या घराचे आवाज म्हणजे पुढे त्या यंत्राची घरघर आणि एखाद्या पेशंटचं हुंकारणं, मध्ये आईची फोडणी, आणि मागे अक्का. आमचे पूर्वज कधीतरी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कानडी, आणि उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं झालं तर दोन्ही.

कूर्मप्पा मुळात विहिरीतला. जुन्या घरांत विहिरीत कासव सोडायची रीत होती, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. आमच्याकडे तर रोज स्वयंपाक झाला की भाताची पहिली मूद विहिरीत जायची. विष्णूचा कूर्मावतार आपल्या अंगणात राहतो म्हटल्यावर देवघरातल्या मूर्तींना नैवेद्य नंतर, त्याला आधी. त्या मुदीतलं तो किती खायचा हे कुणी बघितलं नव्हतं. वरून टाकायचं, हात जोडायचे, आणि जेवायला बसायचं, इतकंच. पुढे नळ आला, विहिरीचा कठडा एका बाजूने खचला, आणि मी तिथे खेळायला जाते म्हणून अण्णांनी ती बुजवायचं ठरवलं. अक्काने घर डोक्यावर घेतलं. पण अण्णाही तिचेच भाऊ, त्यांनी ऐकलं नाही. मातीच्या गाड्या आल्या त्या दिवशी बादलीतून कूर्मप्पा वर आला, काळा, परातीएवढा, मान आत घेतलेला. अक्का त्याला पदरात धरून उभी राहिली आणि अण्णांना म्हणाली, "वासू, त्याचं घर तू बुजवलंस. आता तो जेवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही, हे ध्यानात ठेव." अण्णांना वाटलं राग आहे, उतरेल. राग उतरला, पण बोललेला शब्द मागे घ्यायची अक्काला सवय नव्हती.

मग कूर्मप्पासाठी मागच्या दारी सिमेंटचा बुटका हौद बांधला, एका कोपऱ्यात धुणं धुवायचा जुना दगड ठेवला, आणि अक्काने त्याचं पोट आपल्या ताब्यात घेतलं. सकाळी दूधभात. दुपारी मोसरन्न. आम्ही मराठी लोक सगळ्या पदार्थांना मराठीत बोलवायचो, पण दहीभाताला मात्र कानडीतच, कारण तो तिथलाच. संध्याकाळी पिकलेलं केळं नाहीतर पपई कुस्करून. भाताचं एक शीत अख्खं राहिलेलं अक्काला चालत नसे. बोटांनी चुरून चुरून ती त्याचं लोणी करायची. "त्याला दात नाहीत गं," ती म्हणायची, "आणि ह्या घरच्या डॉक्टरला त्याचं काही सोयरसुतक नाही." कूर्मप्पाला आवाज लगेच कळायचा. अक्काने वाटी हौदाच्या कडेवर ठेवून "ये रे माझ्या राजा" म्हटलं की पाण्यातून ती सुरकुतलेली मान हळूच लांब व्हायची. मी कितीही गोड बोलले तरी माझ्यासाठी कधी आली नाही. आईसाठी नाही आणि अण्णांसाठी तर नाहीच.

एक-दोन वर्षांत त्याच्या वरच्या ओठाचं टोक पुढे यायला लागलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ते खाली वळलं, पोपटाच्या चोचीसारखं. पहिल्यांदा बोलल्या त्या शेजारच्या सरोजम्मा. त्या हौदाशी वाकल्या, बघत राहिल्या आणि गालांवर हात मारून घेत म्हणाल्या, "अक्का, याला गरुडाची चोच फुटली की." झालं. विष्णूचा अवतार आणि विष्णूचं वाहन एकाच अंगात, असं देवस्थान सगळ्या रस्त्यात दुसरं नव्हतं. शनिवारी बायका यायला लागल्या. कुणी तुळस, कुणी जास्वंद, एकीने तर पाठीवर हळदकुंकवाची बोटं ओढली, ती आईने मागाहून हळूच धुतली. अक्का त्या दिवसांत इतकी आनंदात होती की माझ्या गणिताच्या मार्कांवरसुद्धा बोलायची नाही. येणाऱ्या प्रत्येकीला ती हौद दाखवायची आणि मग कॉफी पाजायची. अण्णा दवाखान्यातून ओरडून म्हणायचे, "गरुड असता तर कधीच उडाला असता, तुझ्या मोसरन्नाला कंटाळून." पण तेही येऊन बघून जायचेच. आज हे लिहिताना मला हसू येतं आणि कसंसंही होतं. शिकलेसवरलेले लोक आम्ही, घरात तोंडाचा डॉक्टर, आणि एका जिवाचं तोंड बिघडतंय तर आम्ही त्याला फुलं वाहत होतो.

मग कूर्मप्पाचं खाणं सुटलं. सुटलं म्हणजे त्याला भूक होती, मान बाहेर यायची, तोंड उघडायचा, पण ते टोक खालच्या ओठाच्या पार खाली गेलेलं. तोंड मिटायचंच नाही. भात चोचीला चिकटायचा आणि पाण्यात गळून पडायचा. तो पुन्हा यायचा, पुन्हा गळायचं, हौदाचं पाणी पांढरं व्हायचं आणि शेवटी थकून तो मान आत घ्यायचा. अक्काने भात आणखी पातळ केला. दूध केलं. चमच्याने घातलं. काही उपयोग झाला नाही. आणि तो जेवला नाही म्हणून तीही जेवली नाही; आम्हाला आई पानं न मांडताच स्वयंपाकघरात उरकून द्यायची.

पहिले एक-दोन दिवस आम्हाला वाटलं, करेल काहीतरी तडजोड. पण नाही. फक्त कॉफी घ्यायची, कारण कॉफी हे अन्न नाही, असा आमच्या घरचा शोध होता. आई त्या कॉफीत नाचणीचं सत्त्व मिसळायची. अक्काला पहिल्या घोटातच कळायचं. ती कप तोंडाशी धरून आईकडे बघायची, आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, आणि कप रिकामा व्हायचा. पण नाचणीच्या सत्त्वावर पाळ्या निभत नाहीत. एका दुपारी एक्स्चेंजमधल्या एका मैत्रिणीने तिला रिक्षात घालून घरी आणलं. बोर्डासमोर बसल्या बसल्या तिची मान खाली गेली होती. रिक्षातून उतरताना तिने माझा खांदा धरला. जिच्या हाकेने मी उठून उभी राहायचे, ती माझ्या कानाशी इतक्या बारीक आवाजात "शालू, त्याने काही खाल्लं का गं" असं म्हणाली की मला रडू फुटलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे असंच चाललं तर अक्का जाईल. कुणी म्हणालं नाही, पण अण्णा पेशंटला तसाच खुर्चीत सोडून दारात येऊन उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी कूर्मप्पाला ओल्या पोत्यात गुंडाळून, टोपलीत घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. अक्काने निघताना बजावलं, "दाखवून आण. हात लावू देऊ नकोस." हात न लावता डॉक्टरला कसं दाखवायचं हे तिनेच सांगावं, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. तिथे गौडा डॉक्टर म्हणून होते, उंच, खाकी कोटातले, हातावर गाईने लाथ मारल्याच्या खुणा. आमच्या पुढे दोन गाई, एक लंगडा कुत्रा आणि ताप आलेला कोंबडा होता. आमची टोपली उघडल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसला. कूर्मप्पाने मान जी आत घेतली ती घेतलीच, पण कवचाच्या तोंडातून चोचीचं वळलेलं टोक दिसत होतं.

"काय खायला घालता?" त्यांनी कानडीत विचारलं.

अण्णांनी सांगितलं. दूधभात, मोसरन्न, केळं, सगळं चुरून.

"चोच म्हणजे आपली नखं समजा," ते म्हणाले. "वाढतच असते. विहिरीत होता तेव्हा गोगलगाई कवचासकट फोडून खायचा, दगडाला तोंड घासायचा, वाढायची तेवढी झिजायची. तुमच्या मऊ भाताने काय झिजणार? आणि त्या भातात त्याच्या हाडाला-कवचाला लागणारा चुनाही नाही. लाडाने केलंत, पण चुकीचं केलंत."

"डॉक्टर, आमच्या घरी त्याला देव मानतात," अण्णा जरा चाचरत म्हणाले. "गोगलगाय कशी देणार?"

"देव तुम्ही मानता. तो स्वतःला कासवच समजतो."

मग त्यांनी उपाय सांगितला. पकडीने कापायला गेलं तर चोच उभी चिरते, म्हणून ती हळूहळू घासूनच काढायची, थोडी आज, थोडी पुढच्या खेपेला. पण त्यांच्याकडे होती ती बैलांचे खूर तासायची कानस. तिच्याकडे आणि कूर्मप्पाच्या तोंडाकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "तुम्ही करता काय?" अण्णा म्हणाले, "दातांचा डॉक्टर आहे." तेव्हा गौडा डॉक्टर पहिल्यांदा हसले. "मग माझ्याकडे कशाला आलात सर? यंत्र तुमचं, मी शेजारी उभा राहतो, कुठे थांबायचं ते सांगतो. पण एक आहे. मान ओढून काढायची नाही, दुखावते. त्याने आपणहून बाहेर काढली पाहिजे. कुणाच्या हाकेला येतो हा?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे बघितलं.

अक्का मधल्या खोलीत चटईवर पडली होती. अण्णांनी सगळं सांगितलं. तिने आधी लोखंडाचा मुद्दा काढला. देवाच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. अण्णा म्हणाले, लोखंड नाही, दगड आहे, यंत्राच्या टोकाला बारीक गोल दगड बसतो. मग ती म्हणाली, जगाच्या उष्ट्या तोंडात फिरलेला दगड त्याच्या तोंडाला लावणार काय? अण्णा म्हणाले, नवा आणतो, पाकीट तुझ्यासमोर फोडतो. मग ती खरं काय ते बोलली.

"वासू, मी त्याला जेवायला म्हणून हाक मारायची. त्याने माझ्या भरवशावर मान बाहेर काढायची. आणि तुम्ही ती धरायची. हे माझ्याच्याने व्हायचं नाही बघ. आयुष्यात मी कुणाला फसवून बोलावलं नाही."

"मग दोघंही उपाशी मरा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "अक्का, तुला काही झालं तर मला वासू म्हणणारं ह्या जगात कुणी उरत नाही. एवढं तरी कळतंय का तुला?"

"हे विहीर बुजवायच्या आधी सुचायला हवं होतं," अक्का म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. बंद म्हणजे माझ्यामार्फत चालू. "शालू, तुझ्या बापाला सांग, दाराची कडी वाजते." "शालू, तुझ्या आत्याला सांग, कडी गेली वीस वर्षं वाजतेय." एका खोलीतून दुसरीत निरोप नेऊन नेऊन माझे पाय दुखायला लागले. आई मला एकदा म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये तुलाच नोकरी द्यायला हवी."

त्याच आठवड्यातली एक दुपार. आई वामकुक्षी करत होती, अण्णांचा पेशंट खुर्चीत होता, आणि मागच्या दारी कसलातरी आवाज येत होता, खर्र, खर्र, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा खर्र. मला वाटलं मांजर असेल. बाहेर गेले तर अक्का आधीच भिंतीला धरून उभी होती. हौदात कूर्मप्पा धुण्याच्या दगडाशी होता. पुढचे पाय दगडावर टेकवून तो मान लांब करायचा आणि ते वळलेलं टोक दगडावर घासायचा. दोनदा-तीनदा घासलं की पायातलं बळ संपायचं, घसरून पाण्यात पडायचा, जरा वेळ तसाच राहायचा, आणि पुन्हा दगड चढायला लागायचा. अक्का हळूहळू खाली बसली. तिने हाक मारली नाही, हात पुढे केला नाही, नुसती बघत राहिली. "तो स्वतःच करतोय गं," ती म्हणाली. "त्याला कळलंय. बळ नाही म्हणून होत नाही. आणि मी इथे पुण्य-पाप मोजत बसलेय." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मग ती उठली. उठताना मला हात देऊ दिला नाही. भिंतीला धरत धरत थेट दवाखान्यात गेली, जिथे पेशंट असताना कुणी जायचं नाही हा तिचाच नियम होता. खुर्चीतल्या गृहस्थांचं तोंड उघडं, तोंडात कापूस. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "वासू, रविवारी त्या डॉक्टरला बोलाव. आणि दगड नवा पाहिजे." अण्णा नुसतं "सरी अक्का," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. ते गृहस्थ पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना विचारत होते की दातांच्या डॉक्टरला दुसरा डॉक्टर कशाला लागतो.

रविवारी गौडा डॉक्टर स्कूटरवरून आले. आधी त्यांना कॉफी झाली. उजेड दवाखान्यातच चांगला, म्हणून अक्का न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, दात काढायच्या त्या खुर्चीत बसली, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर कूर्मप्पा. मला त्याचे पुढचे पाय सांभाळायचं काम होतं. अण्णांनी नव्या दगडाचं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि अक्काला दाखवलं. तिने मान हलवली. मग तिने वाटी कवचाशी धरली आणि हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. दिल्लीपर्यंत जाणारा तो आवाज वाटीपर्यंत पोचेना. डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हते, हे मला त्यांचं फार आवडलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "ये रे माझ्या राजा," आणि मान आली. विश्वासाने, नेहमीसारखी, वाटीकडे. डॉक्टरांनी जबड्यामागे अंगठा आणि बोट धरलं, हलकंच, पण सुटणार नाही असं. कूर्मप्पाची नखं माझ्या मनगटात रुतली. अक्काने डोळे मिटले नाहीत. "माझं चुकतंय रे, पण तुझ्याचसाठी," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, अण्णा पायाने यंत्र चालवत होते, आणि डॉक्टर "स्वल्प, स्वल्प, आता थांबा, पाणी लावा, आता पुन्हा स्वल्प" असं सांगत होते. केस जळल्यासारखा वास सुटला. पांढरी पूड टॉवेलवर पडत होती. अण्णांनी आयुष्यात इतक्या हळू कुणाचं काम केलं नसेल. रक्ताचा टिपूसही आला नाही. निम्मं टोक गेल्यावर डॉक्टर म्हणाले, बस, उरलेलं पुढच्या रविवारी.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला मुलाकडे राहते. इथे पक्ष्यांचे आणि कासवांचेच वेगळे डॉक्टर आहेत, थंडगार खोलीत बसतात, आणि माझ्या नातीच्या मैत्रिणीच्या कासवाची चोच त्यांनी तिचा बाप फोनवर मीटिंग करत असताना घासून दिली. चांगलंच आहे. आमच्या कूर्मप्पासारखी इथली कासवं घरात ठेवायला तर आता कायद्याने मनाई आहे, आणि तेही योग्यच आहे. आम्ही प्रेमाच्या नावाखाली काय काय केलं हे मला ठाऊक आहे. पण नातीची ती मैत्रीण मला कौतुकाने तो प्रसंग सांगत होती तेव्हा माझा हात आपोआप मनगटाकडे गेला, जिथे नखं रुतली होती.

दुसऱ्या रविवारी उरलेलं टोकही गेलं. तोंड मिटलं. कूर्मप्पा पुन्हा कासवासारखा दिसायला लागला, आणि सरोजम्मा जरा नाराज झाल्या. डॉक्टरांनी खाण्याचं बजावून सांगितलं, पालेभाजी, गांडुळं, आणि गोगलगाई कवचासकट. शिवाय जडीबुटीच्या दुकानातून समुद्रफेनाचा तुकडा आणून हौदात टाकायचा, चोच घासायला आणि चुन्यासाठी. समुद्रफेन म्हणजे एका समुद्री प्राण्याचं हाड, हे अण्णांना माहीत होतं, पण त्यांनी अक्कासमोर त्याचा उच्चार केला नाही. गोगलगाईंचं मात्र लपवता येण्यासारखं नव्हतं. "म्हणजे विहिरीत असताना तो रोज हेच खायचा?" अक्काने मलाच विचारलं, कारण अण्णांशी अजून जेमतेम कामापुरतं बोलणं होतं. अण्णा आतून म्हणाले, "हेच. आपला भात तोंडी लावायला असेल." मी बागेतून गोगलगाई वेचून आणायला लागले तेव्हा अक्काने अडवलं नाही, फक्त मला विहिरीच्या जागी लावलेल्या नळाखाली दोनदा हात धुवायला लावले.

अडचण वेगळीच झाली. कूर्मप्पा अक्काच्या हाकेला येईना. तिने वाटी ठेवावी, हाक मारावी, आणि त्याने उलट मान आणखी आत घ्यावी. मी टाकलेल्या गोगलगाई हौदात इकडेतिकडे फिरत राहायच्या आणि तो धुण्याच्या दगडामागे बसून राहायचा. डॉक्टर म्हणाले होते, भूक लागली की खाईल, घाई करू नका. पण अक्काचं तोंड उतरलं ते उतरलंच. "माझा आवाज त्याला नको झालाय," ती आईला म्हणाली. "बरोबर आहे त्याचं. मी असते तर मीही आले नसते." अण्णा आता निरोप पाठवत नव्हते. येता-जाता तिच्या समोर उभे राहायचे, काही बोलायला जायचे आणि तसेच पेशंटकडे परत जायचे. अक्का घरात चालताना दाराचा आधार घ्यायला लागली होती.

आणि मग एका सकाळी अक्का जास्वंदीच्या बुंध्याशी बसलेली मला दिसली. नळाला कावळा शिवला म्हणून तोटी चिंचेने घासणारी बाई, तिच्या हातात गोगलगाय होती. दोन बोटांत धरलेली, चेहरा वाकडा, ओठ घट्ट मिटलेले. ती हौदाशी गेली, कडेवर बसली आणि हाक न मारता हात पाण्यावर धरला. मी दारातच उभी राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आईने आत फोडणी दिली, रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली, अक्काचा हात तसाच. मग दगडामागून मान आली. हळू नाही, एकदम. कटकन आवाज झाला आणि पाणी उडालं.

"शालू," अक्का म्हणाली, अगदी शांतपणे, "अण्णाला बोलाव. मला कूर्मप्पा चावला."

तिच्या उजव्या तर्जनीतून भळाभळा रक्त येत होतं, अंगठ्यालाही लागलं होतं, आणि ती हसत होती. इतकी हसत होती की मला भीती वाटली. "ऐक," तिने मला थांबवलं. पाण्याखाली कुडुम कुडुम चाललं होतं. "फोडतोय बघ. ऐकतेस ना? फोडतोय." मी ओरडत पुढे पळाले. अण्णा हातातलं टाकून आले, कापूस, पट्टी, औषध, सगळं घेऊन, आणि तिथेच हौदाच्या कडेवर बसून त्यांनी तिची दोन्ही बोटं बांधली. बांधताना ती त्यांना सांगत होती, "काय जोर आहे रे वासू त्याच्या तोंडात, बघितलंस का, हाडापर्यंत गेलंय," जणू तिच्या पोराने शर्यत जिंकली होती. अण्णा पट्टी गुंडाळत होते, लागणार होती त्याहून किती जास्त.

आईने वेळ न बघता पानं मांडली. भात, सार, वर तूप. अक्का पाटावर बसली आणि ताटाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. उजवा हात पट्टीत, आणि डाव्या हाताने ती जेवणारी नव्हे. आई चमचा आणायला उठली. तेवढ्यात अण्णांनी तिचं ताट आपल्याकडे ओढलं, हात धुऊन आले होतेच, भात कालवला, बराच वेळ कालवला, आणि घास तिच्या तोंडाशी धरला.

"मी काय लहान आहे काय?" अक्का म्हणाली.

अण्णांचे डोळे भरून आले होते, आणि पेशंटशी बोलतात त्याच आवाजात ते म्हणाले, "अक्का, आ कर."

आणि अक्काने आ केला.